आडरानात जायचे, पण कशातून?

२०१८ मध्ये महिंद्राने अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या ऑबर्न हिल्समध्ये, 'रॉक्सर' नावाची गाडी जुळवून विकायला काढली. आपल्याकडच्या जुन्या थारशी तिचे नाते लपणारे नव्हते. शिडीची चासी, चारी चाकांना पाटे, अडीच लिटरचे टर्बो डिझेल इंजिन, ६२ अश्वशक्ती, पाच हाती गिअर. नाशिकची थार आरटीओचा नंबर घेऊन ताम्हिणी घाट उतरते. रॉक्सरला मात्र बहुतेक अमेरिकी राज्यांत सार्वजनिक रस्त्यावर चाक ठेवायची मुभा नव्हती. एअरबॅग नाहीत, दारे नाहीत, वेग ताशी ४५ मैलांवर रोखलेला, आणि कागदोपत्री वर्ग 'साइड-बाय-साइड'. ही आमच्या जीपची नक्कल आहे, अशी तक्रार जीपच्या तेव्हाच्या मालकांनी, म्हणजे फियाट क्रायस्लरने, त्याच वर्षी अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे केली. २०२० मध्ये आयोगाने पहिल्या रूपातल्या रॉक्सरला मनाई केली आणि महिंद्राला तिचा चेहरामोहरा बदलावा लागला. गंमत अशी, की १९४७ मध्ये महिंद्राने मोटारधंद्यात पाऊल टाकले तेच विलिस जीप जुळवण्यापासून.

भाऊबंदकी बाजूला ठेवली तरी रॉक्सरने एक गोष्ट उघडी पाडली. मोटार आणि साइड-बाय-साइड यांच्यामधली भिंत लोखंडाची कमी आणि कागदाची जास्त आहे.

कोलोरॅडो, युटा, ॲरिझोना या भागांत स्थिरावलेल्या मराठी मंडळींत हा विषय हल्ली वरचेवर निघतो. दोन-चार वर्षे राष्ट्रीय उद्याने पाहून झाली, पायी फिरून झाले, आता डांबर संपते त्याच्या पुढे जायचे आहे. मग जीप रँग्लर, फोर्ड ब्रॉन्को, टोयोटा फोररनर यांपैकी एखादी फोर-बाय-फोर घ्यावी, की पोलारिस, कॅन-ॲम, होंडा यांची साइड-बाय-साइड? गप्पा ताबडतोब अश्वशक्तीवर आणि सस्पेन्शनवर घसरतात. माझ्या मते तिथेच गाडी चुकीच्या फाट्याला लागते. यंत्राकडे पाहण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या असतात: कोणत्या वाटेने जायचे, त्या वाटेच्या तोंडाशी पोचायचे कसे, आणि रात्री पाठ टेकायची कुठे. यांची उत्तरे नीट दिली, तर निम्मी निवड आपोआप होऊन जाते.

ज्यांनी हे वाहन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. साइड-बाय-साइड म्हणजे शेजारीशेजारी बसायच्या दोन किंवा पुढे-मागे मिळून चार खुर्च्या, मोटारीसारखे स्टिअरिंग, वर पाइपांचा पिंजरा, चारी चाकांना लांब हालचाल देणारे सस्पेन्शन आणि मोटरसायकलच्या जातीचे इंजिन. अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या चार चाकांच्या एटीव्हीवर माणूस घोड्यासारखा मांड टाकून बसतो. इथे तो आत बसतो. १९८८ मध्ये कावासाकीने 'म्यूल' आणली ती शेतावरच्या कामासाठी. २००३ मध्ये यामाहाची 'ऱ्हायनो' आली आणि या वाहनाला हिंडण्याची चटक लागली. २००७ मध्ये पोलारिसने 'आरझेडआर' आणली आणि मग बाजार सुटलाच.

जीपचा इतिहास मराठी वाचकाला नवा नाही. १९४१ पासून लष्करात, १९४५ पासून नागरी बाजारात. इथे महत्त्व त्या वाटांचे आहे. कोलोरॅडोतल्या सॅन वॉन डोंगरांमधल्या बहुतेक वाटा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदी-सोन्याच्या खाणींसाठी कोरल्या गेल्या, खेचरांच्या आणि माल वाहणाऱ्या गाड्यांच्या मापाने. युटातल्या मोआबभोवतीच्या कितीतरी वाटा १९५० च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांनी पाडल्या. दोन्ही ठिकाणी आधी रस्ता झाला आणि हौशी वाहने नंतर आली. मोआबची 'ईस्टर जीप सफारी' १९६७ पासून भरते आहे. आज त्याच वाटांवर जीपच्या बरोबरीने, काही दिवशी तर जीपपेक्षा जास्त, साइड-बाय-साइड दिसतात.

हा प्रश्न अमेरिकेतच इतका रंगतो, कारण तिथे जनतेच्या मालकीची मोकळी जमीन अफाट आहे. केंद्राचे भूव्यवस्थापन खाते सुमारे साडेचोवीस कोटी एकर सांभाळते, वनखाते सुमारे १९ कोटी ३० लाख एकर. पण मोकळी म्हणजे मोकाट नव्हे. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाने या जमिनींवर मोटारी कुठे चालतील ते ठरवणे खात्यांवर बंधनकारक झाले. २००५ मध्ये वनखात्याने नियम केला, की नकाशावर जी वाट वाहनांसाठी दाखवली आहे तीच खुली, बाकी सगळी बंद. तो नकाशा वनखात्याच्या कचेरीत फुकट मिळतो. दिसायला रुक्ष, काळा-पांढरा. पण कोणती रेघ 'सर्व वाहनांसाठी', कोणती 'फक्त परवानाधारक मोटारींसाठी' आणि कोणती '५० इंच किंवा त्याहून अरुंद वाहनांसाठी', हे त्यावरच कळते. दुकानात शिरण्याआधी हा कागद जेवणाच्या टेबलावर पसरावा.

५० इंच हा आकडा या सगळ्या प्रकरणातला खरा नायक आहे. एटीव्हीच्या मापाने आखलेल्या जंगलवाटांवर पन्नास इंचांची, म्हणजे जेमतेम सव्वा मीटरची, मर्यादा असते. पुष्कळ ठिकाणी तोंडाशी लोखंडी खांब रोवलेले असतात. त्यांच्यामधून गेलात तर गेलात. पहिली आरझेडआर नेमकी ५० इंच रुंद होती ती त्यामुळेच. जीपला जिथे फाटकच बंद, तिथे हे वाहन शिरू शकत होते, आणि एवढ्या एका गोष्टीवर त्याचा वेगळा हक्क उभा होता. पुढे काय झाले? गिऱ्हाइकाला वेग हवा, वेगाला स्थैर्य हवे, स्थैर्याला रुंदी हवी. ६० इंच झाले, ६४ झाले, आणि आज पोलारिसची 'आरझेडआर प्रो आर' ७४ इंच रुंद आहे, म्हणजे जवळपास रँग्लर रुबिकॉनएवढीच. कॅन-ॲमची 'मॅव्हरिक आर' तर तिच्याहूनही रुंद. २२५ ते २४० अश्वशक्तीची ही यंत्रे ५० इंची वाटेच्या खांबांशी येऊन जीपसारखीच थांबतात. जीपला जे बंद ते यांनाही बंद, आणि वर जीपला उघडे असलेले डांबरी रस्तेही पुष्कळदा बंद. अरुंद वाटांसाठी साइड-बाय-साइड घ्यायची तर आजही मिळणारी ५० इंची मॉडेलेच घ्यायला हवीत. त्यांची जाहिरात कमी होते, दुकानात ती मागच्या रांगेत उभी असतात. युटातल्या मेरिसव्हेलच्या आसपासच्या पायूट ट्रेलवर किंवा वेस्ट व्हर्जिनियातल्या हॅटफील्ड-मॅकॉय वाटांवर हिंडणाऱ्याला जीपचा विचार करण्याचे फारसे कारणच नाही. त्या वाटा मुळात याच जातीच्या वाहनांसाठी आहेत.

आता डांबराचे. साइड-बाय-साइड केंद्राच्या मोटार-सुरक्षा मानकांत बसत नाही आणि उत्पादक स्वतःच लिहून देतात, की हे रस्त्यासाठी नाही. तरीही आरसे, इंडिकेटर, हॉर्न वगैरे बसवले की युटा, ॲरिझोना, आयडाहो, मॉन्टाना ही राज्ये नंबरप्लेट देतात. कॅलिफोर्निया देत नाही. कोलोरॅडोही देत नाही. तिथे काही काउंट्या आपापल्या कच्च्या रस्त्यांवर मुभा देतात आणि चालकाकडे लायसन्स व विमा मागतात. गाव बदलले की कायदा बदलतो. कोलोरॅडोतल्या सिल्व्हर्टनने २०२१ मध्ये गावातल्या रस्त्यांवर या वाहनांना बंदी केली. तेव्हापासून डोंगरातून उतरून आलेल्या माणसाला जेवायला गावात शिरायचे तर वाहन वेशीबाहेर ठेवून चालत यावे लागते. युटात २०२३ पासून हे वाहन चालवणाऱ्याला एक छोटा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, पाहुण्यालासुद्धा.

राष्ट्रीय उद्यानांत उत्तर त्याहून सरळ आहे. कॅनियनलँड्समधली व्हाइट रिम ही शंभर मैलांची कच्ची वाट अनेकांच्या स्वप्नात असते. दोन मुक्काम करून, परवाना काढून, खोल दरीच्या कडेकडेने जायचे. तिथे नंबरप्लेटची उंच फोर-बाय-फोर चालते, साइड-बाय-साइड चालत नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये वरून आदेश निघाला होता, की राज्याची प्लेट असेल तर युटातल्या उद्यानांनी त्यांना रस्त्यांवर येऊ द्यावे. स्थानिकांनी आणि उद्यानप्रेमींनी गदारोळ केला आणि अंमल सुरू होण्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, आदेश मागे घेतला गेला. ज्याच्या मनात व्हाइट रिम आहे त्याच्यासाठी हा लेख इथेच संपतो. जीप, ब्रॉन्को, फोररनर, काय परवडेल ते घ्या.

बाकीच्यांसाठी यंत्राकडे वळू.

वाळूत आणि खाचखळग्यांच्या वेगवान मातीवर साइड-बाय-साइडला तोड नाही. हे मी जीपवाला असूनही कबूल करतो. वजन जीपच्या निम्म्याहूनही कमी असू शकते, चाकांची वरखाली हालचाल दीड-दोन फुटांपर्यंत जाते. ज्या नालीदार कच्च्या रस्त्यावर रँग्लर पंधरा मैलांच्या वेगाने दात खिळखिळे करत जाते, तिथून हे वाहन तिपटीने वेगात तरंगत निघून जाते. कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल वाळवंटाच्या टेकड्यांवर किंवा युटातल्या लिटल सहारात जीप नेणारा माणूस दुपारपर्यंत वाळू उपसतच बसतो.

खडकावर चित्र पालटते. मोठे दगड चढायचे तर वेग नको, हळूपणावर ताबा हवा. रँग्लर रुबिकॉनमध्ये चार पट सावकाश करणारी लो रेंज, पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलना लॉक, पुढचा स्वे बार बटणावर सुटा होण्याची सोय. ऑटोमॅटिक गिअरची २०१८ नंतरची रुबिकॉन लो रेंजच्या पहिल्या गिअरला इंजिनच्या साधारण ७७ फेऱ्यांत चाकाची एक फेरी करते. पायाने ब्रेकही लावावा लागत नाही, गाडी घरंगळत न जाता पायरी-पायरीने उतरते. साइड-बाय-साइडपैकी बहुतेकांत गिअरच्या जागी रबरी बेल्ट असतो. आपल्या ॲक्टिव्हात दोन पुल्यांमध्ये जो बेल्ट फिरतो त्याचाच हा थोरला भाऊ. तो सपाटीवर सुखाचा, पण अगदी सावकाश, पूर्ण भार टाकून चढताना घसरतो, तापतो आणि शेवटी फाटतो.

बेल्ट फाटतो म्हणजे काय होते ते एकदा पाहण्यासारखे असते. मोआबजवळच्या एका खडकाळ चढावर पुढची चारखुर्ची साइड-बाय-साइड अडली. चार मोठी माणसे, मागे शीतपेट्या, चालक हाय रेंजमध्येच जोर लावत होता. आधी जळक्या रबराचा वास आला, मग एक फटाका फुटल्यासारखा आवाज, मग इंजिन नुसतेच ओरडत राहिले. मागचे झाकण उघडले तर आत बेल्टच्या चिंध्या आणि पुलीच्या दांड्याभोवती घट्ट गुंडाळलेले दोरे. ते पकडीने एक-एक ओढून काढायचे, हात भाजत असताना. दीड-दोनशे डॉलरचा जादा बेल्ट बरोबर होता म्हणून तासाभरात निभावले. तो जादा बेल्ट, त्याच्या मापाचे पाने आणि घरच्या आवारात एकदा केलेला सराव, हे ज्याच्याकडे नाही त्याने गावापासून लांब जाऊ नये. चढावर लो रेंज लावायची, हा धडा विक्रेते सांगतात पण गिऱ्हाईक ऐकत नाही. होंडाने आपल्या 'टॅलन'मध्ये बेल्टच ठेवला नाही, मोटारीसारखे गिअर दिले. कॅन-ॲमनेही 'मॅव्हरिक आर'मध्ये तेच केले. खडकाळ मुलखात हिंडणाऱ्याने हा फरक किमतीत मोजावा.

जीपची दुखणी वेगळी. तिचे वजन दोन टनांच्या घरात, त्यामुळे चिखलात रुतली की खोल रुतते. चार दारांच्या रँग्लरच्या पुढच्या-मागच्या चाकांत ११८ इंचांचे अंतर आहे. टेल्युराइडच्या डोक्यावरची ब्लॅक बेअर पासची उतरण घ्या. वाट एकेरी, वळणे केसांच्या पिनेसारखी. लांब गाडीला एकेका वळणावर मागे-पुढे करावे लागते, आणि प्रत्येक 'मागे'च्या मागे दरी असते. दोन दारांची रँग्लर किंवा दोन खुर्च्यांची साइड-बाय-साइड तिथून सुटसुटीत वळते. उंचीचा फटका मात्र दोघींनाही. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावते. १२,८०० फुटांवरच्या इंजिनिअर पासवर पोचेपर्यंत तिसरा हिस्सा हवेतच गेलेला असतो.

त्याच इंजिनिअर पासच्या अरुंद कड्यावर दोन्ही जमातींची गाठ पडते तेव्हा सभ्यतेची परीक्षा होते. नियम असा, की चढणाऱ्याला वाट द्यायची, उतरणाऱ्याने मागे सरायचे. समोरून उतरणारा साइड-बाय-साइडवाला हात वर करून बोटे दाखवतो. तीन बोटे म्हणजे माझ्या मागे आणखी तिघे आहेत, बंद मूठ म्हणजे मी शेवटचा. बहुतेक वेळा हलके वाहनच डोंगराला चिकटून खळगीत शिरते, कारण त्याला ते जमते. जीपवाल्याने तो आपला मान समजू नये.

सुरक्षिततेबद्दल विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत जे नसते ते सरकारी नोंदींत आहे. २००९ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने ऱ्हायनोच्या मोफत दुरुस्तीची घोषणा केली तेव्हा तिच्याशी संबंधित ४६ मृत्यूंचा उल्लेख होता. बरेच अपघात गाडी कलंडण्याचे होते. २०१६ मध्ये पोलारिसला आगीच्या घटनांमुळे सुमारे १,३३,००० आरझेडआर परत बोलवाव्या लागल्या. १६० हून अधिक आगी, १९ जखमी, एका पंधरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू. दोष वेळेवर न कळवल्याच्या आरोपावरून कंपनीने २०१८ मध्ये दोन कोटी ७२ लाख ५० हजार डॉलरचा दंड मान्य केला. नंतरची यंत्रे सुधारली आहेत. पण मूळ गोष्ट बदललेली नाही. उघडे वाहन कलंडू लागले की माणूस उपजत हात किंवा पाय बाहेर टाकतो, आणि पिंजऱ्याचा पाइप त्यावर येतो. बाजूची जाळी, चार बिंदूंचा पट्टा, हेल्मेट, यांना पर्याय नाही. मुलाचे पाऊल पाठ टेकून बसल्यावर जमिनीला लागत नसेल तर त्याला बसवू नये. जीपही उलटते, नाही असे नाही. पण तिच्याकडे एअरबॅग आहेत, घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे, लहान मुलाची खुर्ची बांधायला कड्या आहेत.

धूळ आणि हवा हा मुद्दा मी गप्पांत नेहमी पुढे रेटतो, कारण तो कुणी मोजत नाही. ताफ्यातली दुसरी साइड-बाय-साइड दिवसभर पहिलीची धूळ खाते. संध्याकाळी चष्म्याची जागा सोडून सगळा चेहरा गेरूचा. सॅन वॉनमध्ये जुलै-ऑगस्टात दुपारी हमखास ढग भरून येतात, गारा पडतात, वीज कडाडते. बारा हजार फुटांवर ओल्या कपड्यांनी उघड्या पिंजऱ्यात बसून तासभर उतरणे म्हणजे जिवाचे हाल. काचा-एसी असलेल्या बंद केबिनची साइड-बाय-साइड आता मिळते, पोलारिसची 'एक्सपीडिशन' २०२३ पासून आहे. पण ती घेईपर्यंत किंमत चांगल्या फोर-बाय-फोरला भिडते. आणि आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक हिशेब असतो. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात. त्यांना डोंगर दाखवायचा म्हणजे गुडघे न वाकवता बसता येईल अशी जागा, एसी, खिडकीची काच आणि मांडीवर दशम्यांचा डबा. साडी नेसलेल्या बाईला चार बिंदूंचा पट्टा कसा बांधायचा, हे कोणत्याही कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले नाही.

आता खर्च. घोडे इथे पेंड खाते, तरी लांबण लावत नाही. ताकदवान नवी साइड-बाय-साइड पंचवीस ते पंचेचाळीस हजार डॉलरच्या पट्ट्यात आहे. नवी रुबिकॉन त्याच्या पुढे. वरवर पाहता पहिली स्वस्त. पण ती घरापासून वाटेच्या तोंडापर्यंत स्वतः जाणार नाही. तिला ट्रेलर हवा, ट्रेलर ओढणारा पिकअप हवा, आणि दोन्ही उभे करायला जागा हवी. डेन्व्हरच्या उपनगरांतल्या बऱ्याच वसाहतींत गृहसंस्थेचे नियम दारासमोर ट्रेलर ठेवू देत नाहीत. मग महिन्याच्या भाड्याने गोदाम. ज्याच्याकडे पिकअप आणि मोठे आवार आधीपासून आहे त्याचे काही अडत नाही. बाकीच्यांना नाकापेक्षा मोती जड होतो. रँग्लर मात्र सोमवारी ऑफिसला जाते, शनिवारी साडेतीनशे मैल कापून मोआबला पोचते, चाकांतली हवा ३५ वरून १५ पौंडांवर आणली की खडकावर चढते. अर्थात तिचा अ‍ॅक्सल तिथे मोडला तर सोमवारी ऑफिसला कशाने जायचे, हा प्रश्न उरतोच. साइड-बाय-साइड मोडली तरी तुमची गाडी शाबूत असते. सराईत जीपवाल्यांतही कितीजण आपली जीप ट्रेलरवर टाकून आणतात ते मोआबच्या कुठल्याही मोटेलच्या आवारात दिसेल.

मुक्काम हा माझ्या यादीतला तिसरा प्रश्न. चार दारांच्या रँग्लरची टाकी साडेएकवीस गॅलनची, साइड-बाय-साइडची साधारण दहा-बारा. जीपमध्ये तंबू, पाणी, शेगडी, जादा चाक मावते. बहुतेक साइड-बाय-साइड जादा चाकाशिवाय येतात. दोन-तीन दिवस गावाचे तोंड न पाहता पुढे-पुढे जायचे असेल तर जीप. एका ठिकाणी तळ ठोकून रोज सकाळी वेगळ्या दिशेला निघायचे आणि संध्याकाळी परत यायचे असेल तर साइड-बाय-साइड. ॲरिझोना-युटातली निवृत्त जोडपी मोठ्या कॅम्परमागे ही वाहने ओढत हिवाळा काढतात, त्यांचा हिशेब बरोबर असतो.

कामाच्या माणसांचा हिशेब तर केव्हाच ठरला आहे. कुंपण दुरुस्त करणारा रँचर, गवताचे गठ्ठे वाहणारा शेतकरी, शिकार केलेला एल्क दरीतून वर आणणारा शिकारी, यांना पोलारिस रेंजर, होंडा पायोनिअर किंवा कुबोटाची डिझेल आरटीव्ही यांसारखे मागे हौदा असलेले वाहन लागते. तिथे वेग नको, हौदा हवा. जीप त्यांच्या कामाची नाही आणि आरझेडआरही नाही.

या वाहनांवर गावे का रुसली, तेही निवडीत धरायला हवे. मोआबमध्ये घरांसमोरून दिवसभर जाणाऱ्या ताफ्यांच्या आवाजाने लोक इतके त्रासले, की २०२१ मध्ये शहराने आणि काउंटीने आवाजावर आणि वेळेवर बंधने घालणारे नियम केले. मग कोर्टकचेऱ्या. २०२३ मध्ये भूव्यवस्थापन खात्याने मोआबजवळच्या लॅबिरिंथ कॅनियन आणि जेमिनी ब्रिजेस भागातल्या ३१७ मैल वाटा मोटारींना बंद केल्या. त्या बंदीत जीपही आल्या. युटाच्या वाळवंटातल्या मातीवर सूक्ष्म जिवांचा काळसर, खरबरीत थर असतो. तो माती धरून ठेवतो आणि एका चाकोरीखाली मोडला की भरून यायला दशके लागतात. दोष चालवणाऱ्याचा, यंत्राचा नाही, असे म्हणायची पद्धत आहे. मला ते पुरते पटत नाही. २२५ अश्वशक्तीचे, दोन फूट उसळणारे वाहन हाती दिले की सावकाश जाण्याचा मोह कुणाला होत नाही. जीपमधला माणूस संत असतो म्हणून हळू जातो असे नाही. जोरात गेला तर त्याचीच कंबर मोडते.

आपल्याकडे हा प्रश्न अजून उठलेला नाही. साइड-बाय-साइडला भारतात रस्त्यासाठी नोंदणी नाही आणि सह्याद्रीत नकाशावर आखून दिलेल्या अशा सार्वजनिक वाटांचे जाळेही नाही. राखीव जंगलात किंवा कासच्या सड्यावर वाहन घालणे हा तर गुन्हाच. इथे उत्तर थार किंवा जिम्नी. त्यांतही जिम्नी १६४५ मिलिमीटर रुंद, थार १८२०, आणि कोकणातल्या पाखाडीवजा रस्त्यांवर समोरून एसटी आली की हा पाऊण वितीचा फरक कळतो.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबाला, जे वर्षातून चार-सहा वेळा बाहेर पडते आणि ज्याच्या दाराशी एकाच जादा गाडीची जागा आहे, त्याला मी फोर-बाय-फोर घ्यायला सांगेन आणि वाळूची हौस भाड्याच्या साइड-बाय-साइडवर भागवायला सांगेन. मोआब, युरे, लेक सिटी या गावांत दोन्ही दिवसाच्या भाड्याने मिळतात. विमानतळावरची साधी भाड्याची जीप मात्र कच्च्या वाटेवर नेऊ नका. त्यांच्या करारात ते सहसा मना असते आणि खालचा पत्रा दबला तर भरपाई तुमच्या खिशातून जाते. कुठलीही घेण्याआधी सॅन वॉनमधल्या अल्पाइन लूपचा तोच रस्ता एक दिवस हिने आणि दुसऱ्या दिवशी तिने करून पाहावा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको-मुले कोणत्या गाडीच्या बाजूने बोलतात, त्याला अश्वशक्तीपेक्षा जास्त वजन द्यावे.

जुनी घेणार असाल तर साइड-बाय-साइडचे मैल न बघता इंजिनाचे तास बघा. एअर फिल्टरच्या पेटीचे झाकण उघडून फिल्टरच्या पलीकडच्या, इंजिनाकडच्या नळीत बोट फिरवा. बोटाला बारीक माती लागली तर इंजिनाने धूळ प्यायलेली आहे, सौदा तिथेच सोडा. बेल्टच्या झाकणाला भोक पडून ठिगळ लावले आहे का तेही पाहा. जीपच्या बाबतीत खाली वाका. चासीच्या पोटाशी दगडाचे ओरखडे असतीलच, ते चालतील. अ‍ॅक्सलच्या नळीला वेल्डिंगचा नवा सांधा दिसला, आणि मालक म्हणतो आहे की गाडी फक्त मुलांना शाळेत सोडायला वापरली, तर चहा पिऊन निघून यावे.